मालिकेचा शेवट आणि आपला प्रेक्षक

(बी. ए. द्वितीय वर्ष)

मालिका सुरू होते तेव्हा तिची जाहिरात होते, वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात, चौकात फलक लागतात. मालिका संपते तेव्हा मात्र असे काही होत नाही. एका रात्री नेहमीच्या वेळी शेवटचा भाग दाखवला जातो आणि पुढच्या वेळी त्याच जागी दुसरीच माणसे येऊन बोलू लागतात. जणू आधीची माणसे तेथे कधी राहतच नव्हती. या दोन रात्रींच्या मध्ये प्रेक्षकाच्या मनाचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. "मालिका संपली म्हणून कोणी रडतं का?" असे आपण कॉलेजच्या कट्ट्यावर सहज म्हणून जातो. परंतु आमच्या गल्लीत मी हे रडणे पाहिले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांचे रडणे हसण्यावारी नेणे मला जमत नाही, आणि चार पुस्तके वाचल्यामुळे त्याचे कारण शोधल्याखेरीज राहवतही नाही. ते कारण मला कोठे सापडले, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

ठरलेली वेळ

चित्रपट तीन तासांत संपतो. नाटकाचा पडदा पडला की आपण उठतो. कादंबरी आपण एकट्याने वाचतो. कंटाळा आला तर खूण घालून मिटून ठेवतो. मालिकेचे तसे नाही. तिची वेळ ठरलेली असते आणि त्या वेळेभोवती सारे घर आपली कामे लावून घेते. भाकरी आधी थापायच्या की नंतर, म्हशीची धार काढून केव्हा परतायचे, लहान्याला केव्हा निजवायचे, हे सारे त्या अर्ध्या तासावरून ठरते. भारनियमनाच्या वर्षांत तर वीज नेमकी त्याच वेळी राहावी म्हणून बायका देवाला हात जोडीत, असे माझी आई सांगते.

आमचे गाव लोहा तालुक्यात, नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत. तेथील बाई दिवसभर उभी असते, नाहीतर वाकलेली असते. रानात खुरपताना वाकलेली, चुलीपुढे, हापशापुढे, गोठ्यात. रात्री मालिका लागली की ती बसते. हातात निवडायला मेथीची जुडी असेल, पण ती बसते. त्या अर्ध्या तासात तिला कोणी काम सांगत नाही; सांगितले तरी "एवढं होऊ द्या" असे म्हणण्याची तिला मुभा असते. मालिका संपते तेव्हा तिच्या दृष्टीने केवळ एक गोष्ट संपत नाही. तिच्या बसण्याचे निमित्त संपते. आमच्या शेजारच्या काकू अशाच एका रात्री म्हणाल्या होत्या, "उद्या ह्या टायमाला काय करावं गं?" गोष्टीचा शेवट चांगला झाला की वाईट, याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत.

म्हणून प्रेक्षकाची प्रतिक्रिया समजून घ्यायची तर केवळ कथानक पाहून भागणार नाही. गोष्टीत कोणाला जागा मिळाली आणि गोष्टीने कोणाला जागा दिली, हे दोन्ही पाहावे लागेल.

रामायण संपले तेव्हा

आपल्याकडे शेवटाची पहिली मोठी चर्चा झाली ती रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेच्या वेळी. दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ रोजी ती सुरू झाली. दर रविवारी सकाळी ती लागे. आरंभी ५२ भागांची योजना होती; लोकांच्या आग्रहामुळे ती वाढत वाढत ७८ भागांपर्यंत गेली. त्या काळी गावात एखाददुसराच टीव्ही असे. टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून, पायताणे बाहेर काढून माणसे बसत. वीज गेलीच तर ट्रॅक्टरची बॅटरी आणून टीव्ही लावीत, असे आमच्याकडची वडीलधारी मंडळी आजही सांगतात.

३१ जुलै १९८८ रोजी ही मालिका संपली. शेवट रामाच्या राज्याभिषेकाने झाला. सर्वसाधारणपणे पाहता याहून गोड शेवट कोणता? पण येथेच वाद उभा राहिला. जालंधर येथील सफाई कामगारांनी संप पुकारला आणि त्याचे लोण उत्तरेतील इतर शहरांत पोहोचले. रस्त्यांवर कचरा साचू लागला. त्यांची मागणी पगाराची नव्हती. रामायणाचे सातवे कांड, म्हणजे उत्तरकांड, मालिकेत दाखवावे ही त्यांची मागणी होती.

असे का व्हावे? या कामगारांपैकी बहुसंख्य वाल्मीकी समाजाचे होते. महर्षी वाल्मीकी हे त्यांचे आराध्य गुरू. आता पाहा, राज्याभिषेकापाशी गोष्ट थांबली तर वाल्मीकी हे केवळ ग्रंथ लिहिणारे राहतात. उत्तरकांडात मात्र ते स्वतः कथेत येतात. टाकलेल्या सीतेला ते आश्रमात ठेवून घेतात, लवकुशांना वाढवतात, शिकवतात आणि त्यांच्याच मुखाने रामाला त्याची कथा ऐकवतात. म्हणजे शेवट कोठे करायचा या प्रश्नावर एका समाजाचा गुरू गोष्टीत राहणार की बाहेर, हे अवलंबून होते. जे हात रोज गावाची घाण काढतात त्यांनी आपल्या गुरूसाठी ते काम थांबवले. अखेर सरकारला मान तुकवावी लागली आणि पुढे 'उत्तर रामायण' ही मालिका आली. प्रेक्षकांनी शेवट बदलून घेतल्याचे याहून मोठे उदाहरण आपल्या देशात मला तरी माहीत नाही.

या प्रसंगाविषयी मी आजीला विचारले. ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर कडेवर लेकरू घेऊन तिने ही मालिका पाहिली होती. संपाची बातमी तिच्यापर्यंत आलीच नव्हती. पण ती म्हणाली, "राम गादीवर बसला, समदे हरिखले. पर सीतेचं पुढं काय झालं ते कुठं दावलं?" आजीला लिहिता-वाचता येत नाही. तिला सीतेचा पुढचा वनवास माहीत होता तो जात्यावरच्या ओव्यांतून. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रभर फिरून बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत मराठवाड्यातील गावे पुष्कळ आहेत. या ओव्यांत राज्याभिषेकाच्या थाटापेक्षा गरोदरपणी रानात सोडलेल्या सीतेचे दुःख बायका अधिक आळवतात. तेव्हा टीव्हीच्या आधीच आपल्या बायकांनी रामायणाचा आपला स्वतःचा शेवट राखून ठेवला होता. जालंधरचा कामगार आणि लोह्याची माझी आजी यांची कधी भेट झाली नाही. परंतु दोघांना खटकले ते एकच.

गावबा आणि श्रीधर

राज्याभिषेकापाशी थांबावे की पुढे जावे हा प्रश्न दूरदर्शनने निर्माण केलेला नाही. तो फार जुना आहे आणि आपल्या मराठवाड्यालाही तो नवा नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी आयुष्याच्या उत्तरार्धात 'भावार्थ रामायण' लिहावयास घेतले. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला. ग्रंथ अपुरा राहिला. परंपरा सांगते की गावबा नावाच्या त्यांच्या शिष्याने युद्धकांड पुरे केले आणि उत्तरकांडही लिहिले. पुरणपोळीच्या आवडीने नाथांच्या वाड्यात राहिलेला हा मुलगा, असे त्याचे वर्णन करतात. विद्वान शास्त्री नव्हे, तर पंक्तीत बसणारा एक ऐकणारा शेवट लिहिता झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधर कवींनी 'रामविजय' लिहिला. त्याचे ४० अध्याय. गावोगाव श्रावणात आणि चातुर्मासात हा ग्रंथ वाचला जाई. त्यातही सीतात्याग आणि लवकुशांची कथा आहे. म्हणजे मराठी श्रोत्याने राज्याभिषेकाचा गोड शेवट आणि नंतरचा कडू शेवट असे दोन्ही पचवलेले होते. या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे १९८८ सालची नाराजी अडाणीपणाची नव्हती, हे ध्यानात येईल. ती जाणत्या श्रोत्यांची नाराजी होती.

याच्या उलट उदाहरणही आहे. बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' मालिका २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाली आणि २४ जून १९९० रोजी ९४ भागांनंतर संपली. तीही युद्धानंतर युधिष्ठिराचा राज्याभिषेक आणि भीष्मांचे देहावसान येथपर्यंत येऊन थांबली. यादवांचा नाश आणि पांडवांचे स्वर्गारोहण तिच्यात नव्हते. पण त्यासाठी संप झाल्याचे ऐकिवात नाही. सगळे वीर एकेक करून वाटेत पडतात हे पाहण्याची कोणाला ओढ नसावी. कोणाचा गुरू, कोणाची लेक त्या न दाखवलेल्या भागात अडकून पडली नव्हती, हेही कारण असेल.

अकरा वर्षांचा शेजार

देवादिकांच्या मालिका आठवड्याला एकदा येत. पुढे खाजगी वाहिन्या आल्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी (हीच पुढे झी मराठी झाली) आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाली, आणि रोजच्या मालिकांचे युग अवतरले. ई टीव्हीवरील 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ च्या अखेरीस सुरू झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये संपली. तीन हजारांहून अधिक भाग झाले. रोहिणी हट्टंगडी यांनी सासूची आणि कविता लाड-मेढेकर यांनी सुनेची भूमिका केली होती.

अकरा वर्षे म्हणजे किती? मालिका सुरू झाली त्या साली जी मुलगी जन्मली ती शेवटच्या भागाच्या वेळी पाचवी-सहावीत होती. जी सून म्हणून घरात आली तिने या काळात बाळंतपणे पाहिली, सासूचे शब्द सोसले, कदाचित सासूचे दुखणेही काढले. पडद्यावरची सासू आणि घरातली सासू यांच्याकडे ती एकाच खोलीत बसून पाहत होती. पडद्यावर सासू कडाडली की घरातली सासू म्हणे, "असंच पाहिजे." आणि सून काहीच बोलत नसे, पण दोघींना एकमेकींच्या मनातले कळे. आमच्या घरात माझी आई आणि आजी यांच्यात जे बोलणे उघड होऊ शकत नव्हते ते त्या मालिकेच्या आडून होई. मालिका संपली तेव्हा मी सात वर्षांची होते. मला कथा आठवत नाही. पण पुढचे काही दिवस त्या दोघी जेवणानंतर समोरासमोर बसून गप्प राहात, असे आई सांगते. बोलण्यासाठी तिसरे कोणी उरले नव्हते.

येथे रोजच्या मालिका संपतात कशा, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. कादंबरीकार शेवट डोळ्यापुढे ठेवून लिहू शकतो. रोजच्या मालिकेच्या लेखकाला ती मोकळीक क्वचित मिळते. मालिकेचे आयुष्य टीआरपीवर ठरते. ठरावीक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला याचा अंदाज काढतात आणि आठवड्याला आकडे प्रसिद्ध होतात. आकडे चांगले असतील तर गोष्ट ताणली जाते. मध्येच काही वर्षे उडवून 'लीप' घेतात, मेलेले माणूस परत येते. आकडे घसरले की काही आठवड्यांत सारे गुंडाळावे लागते. दोन-दोन वर्षे न सुटलेली भांडणे दोन भागांत मिटतात, खलनायिकेला एका रात्रीत पश्चात्ताप होतो आणि सगळे एकत्र उभे राहून हात जोडतात. प्रेक्षक चिडतो तो बहुधा या गुंडाळण्यावर. त्याने आपल्या आयुष्याचा रोज अर्धा तास दिलेला असतो. निरोपाला त्याला दोन मिनिटे मिळतात. घरी आलेला पाहुणासुद्धा उंबऱ्यापाशी थांबून चार शब्द बोलतो, मग जातो.

ठाऊक असलेला शेवट

आता याहून निराळा प्रकार पाहू. झी मराठीवर २४ सप्टेंबर २०१७ पासून 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका सुरू झाली. डॉ. अमोल कोल्हे यांनी छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका केली होती. मालिका चालू असतानाच, २०१९ मध्ये, ते शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले.

या मालिकेचा शेवट पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत होता. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी झालेली कैद, नंतरचा अमानुष छळ आणि ११ मार्च १६८९ रोजीचे बलिदान. भीमेकाठचे तुळापूर आणि वढू बुद्रुक ही गावे मराठी माणसाला शाळेच्या पुस्तकापासून परिचित आहेत. येथे 'पुढे काय होणार' ही उत्सुकता नव्हतीच. आणि तरीही २०२० च्या फेब्रुवारीत जसजसा शेवट जवळ येऊ लागला तसतशी घराघरांत अस्वस्थता वाढली. छळाची दृश्ये दाखवू नयेत अशी मागणी जाहीरपणे झाली. उलट, जे घडले ते नव्या पिढीला पूर्ण दाखवावे, असेही अनेकांचे म्हणणे होते. राजकीय दबावाखाली मालिका आवरती घेतली जात आहे अशी अफवा उठली आणि डॉ. कोल्हे यांना तिचा जाहीर इन्कार करावा लागला. २९ फेब्रुवारी २०२० रोजी मालिका संपली.

मी तेव्हा आठवीत होते. आमच्या घरी आजोबांनी मालिका एकही दिवस चुकवली नव्हती. पण महाराज कैद झाल्यावर ते टीव्हीपुढून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागले. आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर ते बसत. आई म्हणायची, "ते नगं दाखवायला बाई." आणि पदर तोंडाला लावून पाहतही राहायची. मी तिला विचारले, "कामून रडायलीस? तुला तर ठाऊक आहे की." ती म्हणाली, "ठाऊक आहे म्हणूनच."

या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला आहे. काल्पनिक मालिकेचा शेवट आवडला नाही तर लेखकाला दोष देता येतो. इतिहासाच्या शेवटाचा लेखक कोणी नसतो. तेथे रागवायचे कोणावर? तेथे मागणी एकच करता येते, ती म्हणजे किती दाखवावे याची. 'दाखवू नका' म्हणणाऱ्यांना इतिहास पुसायचा नव्हता. अडीच वर्षे ज्याच्या घरातील सुखदुःखे रोज पाहिली त्या माणसाची विटंबना त्यांना घरच्या खोलीत, लेकराबाळांसमोर नको होती. 'दाखवा' म्हणणाऱ्यांना वाटत होते की सोसणाऱ्याने सोसले, तर पाहणाऱ्याने निदान पाहावे. दोन्ही बाजूंना प्रेमच होते. मला स्वतःला दुसरी बाजू अधिक पटते. पण आजोबा ओट्यावर का बसले हेही मला कळते.

या शेवटानंतर महिनाही गेला नाही तोच देशात टाळेबंदी लागू झाली. चित्रीकरणे थांबली. कित्येक मालिका ऐन मध्यावर थबकल्या आणि काही हिंदी मालिका तर परत सुरूच झाल्या नाहीत. त्यांना शेवटच लाभला नाही. आणि त्याच काळात, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शनने जुने 'रामायण' पुन्हा दाखवले. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला असे दूरदर्शनने जाहीर केले. या वेळी राज्याभिषेकानंतर लगेच 'उत्तर रामायण' दाखवण्यात आले. ३२ वर्षांपूर्वीच्या संपाची आठवण त्या वेळी कोणी काढली नाही. परंतु आजीच्या प्रश्नाचे उत्तर तिला आमच्या घरच्या टीव्हीवर मिळाले ते त्या कामगारांमुळेच.

बाहेरच्या जगात

हे सारे आपल्याकडच्या भाबड्या लोकांतच घडते असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला एका कथेत मारून टाकले तेव्हा संतापलेल्या वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. अखेर १९०३ मध्ये लेखकाला त्याला पुन्हा जिवंत करावे लागले. अमेरिकेत 'मॅश' या मालिकेचा शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ रोजी दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' संपली तेव्हा शेवटचे पर्व नव्याने करा अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी इंटरनेटवरून सह्या केल्या. पर्व पुन्हा झाले नाही. मराठवाड्यातील बाई सही करीत नाही एवढाच काय तो फरक.

समाप्तीची आपली रीत

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लांबलचक कथा रोज ऐकणे आणि एके दिवशी ती संपणे, हे आपल्या समाजाला नवे आहे काय? मुळीच नाही. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस पारायण, हरिपाठ, कीर्तन चालते. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते. त्याचा विषय ठरलेला, कृष्णाच्या बाललीला. आधीच्या सात दिवसांत कितीही वैराग्य सांगितलेले असो, निरोप द्यायचा तो गोकुळातल्या खेळाने. मग दहीहंडी फुटते, काला वाटला जातो आणि सारे गाव एका पंक्तीला बसते. घरी पोथी लावली असेल तर समाप्तीला नैवेद्य होतो, शेजारीपाजारी जेवायला येतात. खंडोबाच्या जागरणात रात्रभर वाघ्या-मुरळी म्हाळसा-बाणूची कथा गातात. शेवटी लंगर तोडतात, आरती होते आणि मग उजाडते. संस्कृत नाटकाच्या अखेरीस भरतवाक्य असते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस पसायदान आहे, आणि तेथे तर सांगणारा ऐकणाऱ्यांसाठी आणि साऱ्या विश्वासाठी मागणे मागतो.

या सर्व रीतींत तीन गोष्टी समान आहेत. शेवट आधीपासून माहीत असतो. शेवटात ऐकणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवले जाते. आणि ती कथा पुन्हा येणार असते, पुढच्या श्रावणात, पुढच्या सप्ताहात. म्हणून काल्याच्या दिवशी कोणी "आता उद्या काय करावं?" असे म्हणत नाही.

याच कसोटीवर आणखी एक मालिका पाहता येईल. २०१४ ते २०१७ या काळात झी मराठीवर 'जय मल्हार' मालिका होती आणि देवदत्त नागे यांचा खंडोबा घराघरांत पोहोचला होता. मालिका संपली तेव्हा आमच्या गल्लीतील बायका हळहळल्या. पण ही हळहळ फार दिवस टिकली नाही. कारण आमच्याच तालुक्यात माळेगावला दर वर्षी मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट विकायला येतात, तमाशाचे फड लागतात, वाघ्या-मुरळी येतात, भंडारा उधळतो. मालिका संपली तरी देव उठून गेला नव्हता. ज्या कथेला मालिकेबाहेर आपले गाव आहे, तिचा शेवट सोसता येतो. 'चार दिवस सासूचे'मधल्या सासूची कोठे यात्रा भरत नाही. तिला पाहण्याची एकच जागा होती आणि ती बंद झाली.

माझ्या मते प्रेक्षकाच्या दुःखाचे आणि रागाचे मूळ येथे आहे. मालिका सप्ताहासारखी रोज येते, माणसे जमवते, घराला वेळ लावते. पण सप्ताहासारखी समाप्ती करीत नाही. ऐकणाऱ्याला शेवटात वाटा देत नाही. 'हम लोग' ही आपली पहिली मोठी हिंदी मालिका (१९८४-८५). तिच्या प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत, जसे कीर्तनकार बोलतात. लोकांनी त्या मालिकेला सुमारे चार लाख पत्रे पाठवली. कोणी आपल्याशी बोलले तर आपणही बोलतो, हा साधा व्यवहार आहे. पुढच्या मालिकांनी ही प्रथा सोडली आणि मग ऐकणाऱ्यांना बोलण्यासाठी कधी संप करावा लागला, तर कधी नुसतेच गप्प बसावे लागले.

आपण काय करावे?

आज परिस्थिती आणखी बदलली आहे. घरात प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. जुनी मालिका केव्हाही पाहता येते, शेवटचा भाग आधी पाहून मग पहिला पाहता येतो. तेव्हा आता शेवटाचे दुःख उरले नाही असे कोणी म्हणेल. पण काकूंचा प्रश्न मोबाईलने सुटत नाही. त्यांना गोष्ट हवी होतीच. पण त्याहून अधिक, दोन घरच्या चार बायका एकत्र टेकतील अशी दिवसातली एक वेळ हवी होती. मालिकेच्या निमित्ताने मिळालेली ती वेळ मालिकेबरोबर जाऊ न देणे आपल्या हाती आहे. आमच्या घरी आता मी सुटीत गेले की त्या वेळी ग्रंथालयातून नेलेले पुस्तक मोठ्याने वाचते. चार-पाच बायका येऊन बसतात, मेथी निवडतात. मध्येच थांबवून "असं कसं केलं तिनं?" असे विचारतात. पुस्तक संपले त्या रात्री आईने सर्वांना गुळाचा चहा केला. कोणी तसे ठरवले नव्हते.

दुसरे असे की, १९८७-८८ च्या रविवारी गावोगाव टीव्हीपुढे बसलेली माणसे आता साठी-सत्तरीची झाली आहेत. त्या सकाळी कोणाच्या घरी टीव्ही होता, कोण आत बसे, कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागे, शेवटाच्या दिवशी कोण काय म्हणाले, हे सारे त्यांनाच ठाऊक आहे आणि ते लिहून ठेवलेले नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दर वर्षी एखाद्या खेड्यात भरते. रस्ता झाडून झाल्यावर संध्याकाळी आपण वही घेऊन त्या माणसांपुढे बसलो, तर मराठी आणि समाजशास्त्र या दोन्ही विभागांना उपयोगी पडेल असे पुष्कळ काही हाती लागेल. कोणाला गोष्टीत जागा मिळाली नाही, हेही त्यातून कळेल. मी माझ्या आजीपासून सुरुवात केली आहे. तिचे सांगणे अजून संपलेले नाही.